शेतावरच्या जुन्या मालमोटारी : छायाचित्र वाचण्याची रीत

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील शेतकरी कुटुंबांच्या छायाचित्रसंग्रहांत, विशेषतः १९१० ते १९४० या काळातील चित्रांत, घर, कोठार आणि घोडे यांच्या जोडीला एखादी मालमोटार वारंवार आढळते, आणि चित्राच्या पाठीवर काहीच लिहिलेले नसेल तर त्याचा काळ ठरवण्यासाठी पाहणाऱ्याची नजर प्रथम तिच्याकडेच वळते. या सवयीत तथ्य आहे, कारण त्या काळात वाहनांची घडण दर काही वर्षांनी बदलत गेली आणि ते बदल चित्रात ओळखता येतात. मात्र मालमोटार केवळ पूर्वमर्यादा सांगते, म्हणजे ज्या वर्षाच्या आधी ते चित्र घेतले गेले असणे शक्यच नाही असे वर्ष सांगते. उत्तरमर्यादा, म्हणजे ज्यानंतर ते घेतले गेले नसावे असे वर्ष, तिच्यावरून ठरत नाही, कारण शेतकऱ्याच्या हातात आलेले वाहन दहा-पंधरा वर्षे सहज चालत असे आणि त्यानंतरही कोठारामागे उभे राहत असे. १९२० चे वाहन ओळखले म्हणून चित्रही १९२० चेच, असा निष्कर्ष घरगुती संग्रहांच्या तळटिपांत सर्रास दिसतो आणि तो बहुधा चुकीचा असतो.

ओळख पटवण्याआधी एक सर्वसाधारण प्रमाण ध्यानात ठेवावे. अमेरिकेच्या १९२० च्या जनगणनेतील शेतीविषयक नोंदींनुसार देशातील सुमारे ६४ लाख शेतांवर मिळून सुमारे १ लाख ३९ हजार मालमोटारी होत्या, तर प्रवासी मोटारींची संख्या २१ लाखांच्या पुढे होती. १९३० पर्यंत मालमोटारींचा आकडा ९ लाखांच्या घरात गेला. याचा व्यावहारिक अर्थ असा की, १९२० पूर्वीच्या चित्रात शेतावर माल वाहणारे वाहन दिसले, तर ते मूळची मालमोटार असण्यापेक्षा मागचा भाग कापून फळ्या ठोकलेली प्रवासी मोटार असण्याचा संभव अधिक असतो. मागची बैठक काढून टाकायची, त्या जागी लाकडी पेटी बसवायची आणि रविवारी गरज पडल्यास बैठक पुन्हा लावायची, ही युक्ती शेतकऱ्यांत सार्वत्रिक होती. स्मिथ फॉर्म-अ-ट्रक या नावाचा जोडसंचही मिळत असे. तो बसवला की फोर्डच्या मोटारीचा सांगाडा लांब होई आणि मागची नवी, दणकट चाके साखळीने फिरत. चित्रात फोर्डचे तोंड आणि मागच्या चाकाजवळ साखळी असे दोन्ही एकत्र दिसले, तर अशा जोडकामाची शंका घ्यावी.

फोर्ड कंपनीचे मॉडेल टी हे या चित्रांत सर्वाधिक दिसणारे वाहन असल्यामुळे त्याचा क्रम तरी निश्चितपणे माहीत हवा. १९०८ च्या ऑक्टोबरात आलेले हे वाहन १९२७ पर्यंत बनत राहिले आणि त्याची संख्या दीड कोटीच्या वर गेली. त्याचे वय सांगणारी मुख्य खूण समोरच असते. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या जाळीदार टाकीला, म्हणजे रेडिएटरला, १९१६ च्या मॉडेलपर्यंत पितळी चौकट होती, आणि ती चित्रात उजळ, चकाकणारी दिसते. १९१६ च्या ऑगस्टपासून, म्हणजे १९१७ च्या मॉडेलपासून, ती काळी झाली व बॉनेटचा आकारही अधिक गोलसर झाला. दिव्यांचा क्रम याहून थोडा आधीचा आहे : १९१५ च्या मॉडेलपूर्वी पुढचे मोठे दिवे कार्बाइडपासून तयार होणाऱ्या ॲसिटिलीन वायूवर जळत आणि त्यांच्याकडे जाणारी रबरी नळी बारकाईने पाहिल्यास दिसते, तर त्यानंतर ते विजेवर आले. पितळी चौकट काळी रंगवून घेणे अगदी सोपे होते, त्यामुळे काळ्या रेडिएटरवर एकट्याने विसंबून राहू नये. बॉनेटचा आकार जुळतो का, हेही पाहावे.

फोर्डने खास माल वाहण्यासाठी बनवलेले पहिले वाहन, म्हणजे एक टन क्षमतेचे मॉडेल टीटी, १९१७ च्या जुलैत विक्रीस आले. समोरून ते आणि मोटार यांत फरक करता येत नाही, पण बाजूने घेतलेल्या चित्रात तो मोजून दाखवता येतो. पुढच्या व मागच्या चाकांच्या केंद्रांमधील अंतराला व्हीलबेस म्हणतात; मोटारीचा व्हीलबेस १०० इंच आणि टीटीचा १२४ इंच होता, आणि पुढच्या चाकाचा व्यास सुमारे ३० इंच होता. त्यामुळे चित्रावर पट्टी ठेवून पुढच्या चाकाचा व्यास मोजावा आणि दोन चाकांमधील अंतरात तो किती वेळा बसतो ते पाहावे : सुमारे सव्वातीन वेळा बसला तर ते मोटारीचे अंग, आणि चार वेळांपेक्षा किंचित अधिक बसला तर ते टीटी. वाहन तिरपे उभे असेल तर हे गणित फसते. अशा वेळी मागच्या चाकाचे जाड आरे आणि भरीव रबराचे टायर ही खूण उपयोगी पडते, कारण सुरुवातीच्या टीटीला मागे हवा न भरलेले भरीव टायरच असत व हवेचे टायर नंतर आले.

टीटीविषयी खरी महत्त्वाची गोष्ट अशी की, पहिली काही वर्षे कंपनी केवळ चासी, म्हणजे इंजिन, चाके व लोखंडी सांगाडा, एवढेच ६०० डॉलरला विकत असे; चालकाची खोली आणि मागचा हौदा ही गिऱ्हाइकाची जबाबदारी होती. कारखान्यात बनलेली चालकाची खोली १९२४ मध्ये मिळू लागली, आणि कारखान्यातूनच पिकअप म्हणून तयार होऊन येणारी छोटी गाडी १९२५ च्या एप्रिलमध्ये २८१ डॉलरला विक्रीस आली. त्यामुळे १९२४ पूर्वीच्या टीटीच्या चित्रात इंजिनामागे जे काही दिसते ते सारे त्या शेतकऱ्याचे, गावच्या सुताराचे किंवा स्थानिक गाडीकाराचे काम असते. वाहनाच्या छापावर पानेच्या पाने लिहिणारे हौशी अभ्यासक या भागाकडे सहसा दुर्लक्ष करतात, ही खेदाची बाब आहे, कारण कोणत्याही शेताची स्वतःची अशी माहिती फक्त याच भागात सापडते. हौद्याच्या फळ्या आडव्या व घट्ट बसवलेल्या असतील तर ते धान्याचे खोके समजावे. उभ्या खुंट्यांमध्ये फटी ठेवून पट्ट्या मारलेल्या असतील तर डुकरे, वासरे किंवा मेंढ्या नेण्याचा पिंजरा समजावा. नुसता सपाट पाट आणि त्यावर १० गॅलनचे दुधाचे कॅन असतील तर दूध अथवा साय लोणीघराकडे जात होती असे म्हणता येते. घोडागाडीचा जुना हौदा जसाच्या तसा उचलून चासीवर ठेवल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत, आणि त्या हौद्यावरील गाडी बनवणाऱ्या जुन्या कारखान्याचे रंगवलेले नाव भिंगाखाली वाचता आले, तर त्या कुटुंबाने आधी कोणती गाडी वापरली तेही कळते. फाळका, म्हणजे हौद्याचे मागचे उघडणारे झापड, साखळीने टांगलेला आहे की कडीने अडकवलेला, हे एरवी क्षुल्लक वाटेल, पण एकाच वाहनाची दोन चित्रे जुळवताना असाच तपशील कामास येतो.

कधी मागचे एक चाक ओंडक्यावर उचलून धरलेले आणि त्यावरून एक रुंद पट्टा चित्राबाहेर गेलेला दिसतो. हा अपघात किंवा दुरुस्ती नव्हे. शेतावर वीज नसल्याच्या त्या काळात फिरत्या चाकाच्या जोरावर लाकूड कापायचा करवत, मक्याचे दाणे काढायचे यंत्र, प्रसंगी कपडे धुण्याचे यंत्रही चालवले जाई, आणि अशा चित्रात वाहनापेक्षा पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला काय आहे ते शोधणे अधिक फलदायी ठरते.

इतर छापांविषयी थोडक्यात सांगता येईल. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचे १९०७ पासूनचे ऑटो बग्गी आणि त्याच धर्तीचे ऑटो वॅगन हे घोडागाडीसारख्या उंच, बारीक चाकांमुळे लगेच ओळखू येतात. त्याच कंपनीच्या १९१५ नंतरच्या मालमोटारींचे बॉनेट पुढे उतरते असते, कारण त्यांत रेडिएटर इंजिनाच्या मागे बसवलेला होता. रिओ कंपनीची स्पीड वॅगन १९१५ ची आणि शेव्हरोलेच्या पहिल्या मालमोटारी १९१८ च्या. १९२८ पासून फोर्डच्या टीटीची जागा दीड टनी मॉडेल एए ने घेतली. पुढे १९३० च्या दशकात नळकांड्यासारखे दिवे जाऊन निमुळते दिवे आले, त्यानंतर मडगार्डमध्ये बसवलेले दिवे आले, आणि १९४२ च्या आरंभी युद्धामुळे नागरी उत्पादन थांबले. त्याच वर्षीच्या जानेवारीपासून टायरांवर शिधावाटप लागू झाल्यामुळे जुन्या मालमोटारी ठिगळे लावून चालवल्या गेल्या, म्हणून युद्धकाळातील चित्रात १९२० च्या दशकातील वाहन दिसल्यास आश्चर्य वाटू नये.

वाहन कोणाचे, हा प्रश्न वाहन कोणते या प्रश्नाइतकाच काळजीने विचारावा. फिरते छायाचित्रकार कुटुंबाला घरासमोर उभे करून त्यांची मत्ता चौकटीत आणत. नेब्रास्कात सॉलोमन बुचर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घेतलेल्या चित्रांत मातीच्या घरांपुढे घोडे, गाई आणि काही ठिकाणी घरातून ओढून आणलेला ऑर्गनही दिसतो. मालमोटार पुढे याच मांडणीत घोड्याच्या जागी आली, आणि ती कुटुंबाची असेल तर बहुधा तिच्याभोवती माणसांची मांडणी तशी केलेली असते. परंतु मळणीच्या दिवशी शेजाऱ्यांची आणि फिरत्या मळणीयंत्रवाल्यांचीही वाहने खळ्यावर उभी असत. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या विक्रेत्यांनी १९२० च्या दशकाच्या आरंभी लाल रंगाच्या, ‘रेड बेबी’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या मालमोटारी घेऊन शेतोशेती फिरण्याची मोहीम चालवली होती. दारावर कंपनीचे किंवा दुकानाचे नाव रंगवलेली अशी गाडी अंगणात दिसली, तर ती त्या घरची नसून नांगर विकायला आलेल्या माणसाची असणे अधिक संभवनीय आहे.

ही लाल गाडी चित्रात काळी दिसते. त्या काळची बहुतेक फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक होती, म्हणजे निळा व हिरवा प्रकाश टिपणारी पण लाल प्रकाशाला जवळजवळ आंधळी, त्यामुळे लाल वस्तू गडद आणि निळी वस्तू फिकट उमटे व आकाश कोरे पांढरे येई. लाल कोठारे काळी का दिसतात, याचे कारणही तेच. वाहनक्रमांकाच्या पाट्यांच्या बाबतीत याचा विशेष विसर पडतो. अनेक राज्ये दरवर्षी पाटीचा रंग बदलत आणि त्या रंगांचे तक्ते आज उपलब्ध आहेत, पण चित्रातील गडद पाटी काळी, लाल किंवा तपकिरी यांपैकी कोणतीही असू शकते. म्हणून पाटीवरील वर्षाचे आकडे किंवा अक्षरांची रचना वाचता आली तरच तिचा आधार घ्यावा. टायरांचा रंग मात्र उपयोगी आहे : आरंभीचे रबर फिकट असे, आणि त्यात काजळी मिसळण्याची पद्धत रूढ झाल्यावर टायर काळे झाले, म्हणून करड्या-पांढऱ्या टायरांचे वाहन बहुधा १९२० पूर्वीचे असते. निगेटिव्ह उलटी ठेवून प्रत काढली गेली असेल तर चित्राची डावी बाजू उजवी होते. फोर्डचे सुकाणू डाव्या हाताला होते, पुरुषांच्या सदऱ्याची डावी बाजू उजवीवर येते, आणि ही दोन्ही लक्षणे एकदम उलटी दिसली तर चित्र आरशातले समजावे.

वाहनाने पूर्वमर्यादा दिली की उत्तरमर्यादेसाठी चित्र उलटे करून पाहावे. त्या काळी पुष्कळ छायाचित्रे थेट पोस्टकार्डाच्या कागदावर छापली जात, आणि मागच्या बाजूला तिकिटाच्या चौकटीत कागदाच्या कंपनीची खूण असे. अ‍ॅझो नावाच्या कागदावर चौकटीच्या चारही कोपऱ्यांतील त्रिकोणांची टोके वर असतील तर तो कागद साधारणपणे १९०४ ते १९१८ चा, आणि दोन वर व दोन खाली असतील तर १९१८ ते १९३० चा धरतात. मजकूर आणि पत्ता यांसाठी मधोमध रेघ असलेली पाठ अमेरिकेत मार्च १९०७ पासून चालू झाली. कोडॅकच्या १९१४ नंतरच्या ऑटोग्राफिक कॅमेऱ्यात पाठीमागचे छोटे झाकण उघडून फिल्मवरच टोकदार काडीने नोंद लिहिता येत असे, म्हणून चित्राच्या कडेला पांढऱ्या रेघांत लिहिलेली तारीख आढळल्यास ती सर्वांत विश्वसनीय मानावी. जुन्या निगेटिव्हवरून नंतर काढलेल्या प्रती ही वेगळी अडचण आहे; १९५० च्या दशकापासून कागदात उजळपणा आणणारी रसायने मिसळली जाऊ लागली व असा कागद अतिनील प्रकाशात निळसर चमकतो, त्यामुळे अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्च क्षणभर धरून खात्री करता येते.

ही सर्व लक्षणे एकत्र कशी आणावीत, ते एका काल्पनिक चित्रावर दाखवता येईल. चित्र पोस्टकार्डाच्या आकाराचे आहे. कापलेल्या गव्हाच्या शेतात एक मालमोटार उभी असून तिचा रेडिएटर काळा, बॉनेट गोलसर आणि दिवे विजेचे आहेत. पुढच्या चाकाचा व्यास चाकांमधील अंतरात चार वेळांहून किंचित अधिक बसतो. मागचे टायर भरीव आहेत. चालकाच्या डोक्यावर छप्पर नाही, बसायला नुसती फळी आहे आणि मागे धान्याचे खोके आहे. पाठीवर अ‍ॅझोचे दोन त्रिकोण वर व दोन खाली आहेत. वाहन टीटी ठरल्यामुळे पूर्वमर्यादा जुलै १९१७, कागदामुळे ती १९१८ पर्यंत पुढे सरकते आणि उत्तरमर्यादा १९३० च्या आसपास येते. उघडी फळी आणि भरीव टायर पाहून १९२४ पूर्वीचा तर्क करण्याचा मोह होईल, पण १९१९ साली घेतलेले वाहन १९२८ सालीही तसेच असू शकते, त्यामुळे तेथे ‘बहुधा’ या शब्दापलीकडे जाऊ नये. खोक्यावर बसलेला सहा-सात वर्षांचा मुलगा कोण, हे घरच्या जन्मनोंदींवरून कळले, तर मात्र बारा वर्षांचा पट्टा दोन वर्षांवर येतो. आणि गव्हाची कापणी त्या भागात जुलै-ऑगस्टमध्ये होत असल्यामुळे महिनाही जवळजवळ मिळतो. कुटुंबातील मूल हे मालमोटारीपेक्षा चांगले कालमापक आहे, कारण ते दरवर्षी बदलते.

नजर तयार करण्यासाठी तारखा माहीत असलेल्या चित्रांवर सराव करणे हा उत्तम मार्ग होय. अमेरिकी सरकारच्या फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशनसाठी रॉय स्ट्रायकर यांच्या देखरेखीखाली डोरोथिया लँग, आर्थर रॉथस्टीन, रसेल ली आदींनी १९३५ पासून घेतलेल्या चित्रांच्या १ लाख ७० हजारांहून अधिक कृष्णधवल निगेटिव्ह लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत, त्यांतील पुष्कळांसोबत ठिकाण, महिना व वर्ष यांची नोंद आहे, आणि त्या कोणालाही विनामूल्य पाहता व उतरवून घेता येतात. तळटीप झाकून आधी वाहनावरून वर्ष ठरवावे आणि मग नोंद पाहावी. दुष्काळात घर सोडून निघालेल्या कुटुंबांच्या लादलेल्या गाड्या आपल्या अंदाजापेक्षा किती जुन्या होत्या, हे काही चित्रांतच ध्यानात येते. त्याआधीच्या काळासाठी नॉर्थ डकोटातील पझांडाक संग्रह पाहावा, कारण तेथे एका शेतकऱ्याने स्वतःच्याच शेतावरील यंत्रे टिपली आहेत. आणि विस्कॉन्सिन हिस्टॉरिकल सोसायटीतील इंटरनॅशनल हार्वेस्टरचा संग्रह पाहताना ती चित्रे बहुतांशी विक्रीसाठी सजवलेली आहेत, याचे भान ठेवावे.

ही रीत महाराष्ट्रातील घरगुती चित्रांना काही फेरफार करून लागू पडते. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे सुट्या भागांतून वाहने जोडण्याचा कारखाना सुरू केला आणि शेव्हरोलेच्या चासीवर स्थानिक सुतारांनी बांधलेल्या मालमोटारी व सर्व्हिस मोटारी, म्हणजे उतारूंच्या बसगाड्या, रस्त्यांवर आल्या. येथे सुकाणू उजव्या हाताला असल्याने उलट्या निगेटिव्हची कसोटीही उलटी लावावी लागते, शिवाय आयातीला लागणारा वेळ आणि वाहन पुन्हा पुन्हा विकले जाऊन पुढच्या मालकाकडे जाण्याची रीत लक्षात घेता पूर्वमर्यादा आणि प्रत्यक्ष वर्ष यांतील अंतर अमेरिकेपेक्षा मोठे धरावे.

हाताळणीबाबत एवढे पुरे की, चित्राच्या पाठीवर बॉलपेनने कधीही लिहू नये, मऊ शिसपेन्सिलीने कडेला हलके लिहावे. चिकटपट्टी लावू नये. आणि चाकाचे आरे व पाटीचे आकडे वाचता यावेत यासाठी स्कॅन दर इंचाला किमान ६०० बिंदूंचा करावा. जुन्या निगेटिव्ह पिवळट, चिकट झाल्या असतील किंवा त्यांना तिखट वास येत असेल तर त्या नायट्रेट फिल्मच्या असू शकतात. अशी फिल्म १९५० च्या सुमारापर्यंत वापरात होती आणि ती अतिशय ज्वालाग्राही असते, म्हणून ती बंद डब्यात किंवा माळ्यावर उष्णतेत न ठेवता जाणकार संग्रहालयाचा सल्ला घ्यावा. नोंद लिहिताना वाहनाचे नाव, ते ज्या खुणेवरून ओळखले ती खूण आणि त्यातून निघालेली दोन वर्षे, असे तिन्ही घटक वेगळे लिहावेत, म्हणजे पुढे एखादी खूण चुकीची ठरली तरी उरलेली नोंद वाया जात नाही. आणि घरात अजून कोणी वयोवृद्ध व्यक्ती असेल, तर भिंग हातात घेण्यापूर्वी चित्र प्रथम त्यांच्यापुढे ठेवावे.